बावीस की बत्तीस

दळवी सरांनी बावीस बोअरचं घ्या असं सांगितलं होतं. बत्तीसचं नव्हे. एवढं एकच वाक्य मी आजपर्यंत कुणाजवळ बोललेलो नाही. बायकोजवळ नाही, बाबा शेवटच्या आजारात होते तेव्हा त्यांच्या उशाशी बसून नाही, आणि जिच्याजवळ सगळ्यात आधी बोलायला हवं होतं त्या सुगंधाजवळ, माझ्या धाकट्या बहिणीजवळ, तर नाहीच नाही. वाचणाऱ्याला वाटेल, यात लपवण्यासारखं काय आहे? पिस्तुलाच्या नळीचं माप ते. माणूस दुकानात जाऊन चपलेचा नंबर सांगतो तसं सांगायचं आणि वस्तू घेऊन यायचं. मलाही तेव्हा तसंच वाटलं होतं, किंवा तसं वाटून घेणं मला सोयीचं होतं. आता पन्नाशी उलटून गेल्यावर या दोन्हींत फरक करायचा प्रयत्न करतोय.

आमचं घर भिवंडीजवळ शेलारला, रस्त्यापासून जरा आत. आजोबांपर्यंत भात पिकवणारं आणि खाडीत जाळं टाकणारं आगऱ्याचं घर. बाबांनी शेताच्या कडेला दोन शेड उभ्या केल्या, त्यांत कापड विणायचे लूम टाकले आणि आम्ही कारखानदार झालो. कारखानदार म्हणजे काय, तर बाबा पहाटे शेतावर जायच्या ऐवजी शेडवर जायचे, अंगाला चिखलाच्या ऐवजी कापसाची कुसं चिकटलेली असायची, आणि घरात दिवसभर कुणाला कुणाचं बोलणं ऐकू यायचं नाही. लूमचा आवाज बाहेरून आलेल्या माणसाला त्रास देतो. आम्हाला तो आवाजच वाटायचा नाही. लाइट गेली की मात्र पाळण्यातलं पोर दचकून उठायचं, म्हातारी माणसं "काय झालं, काय झालं" करत ओट्यावर यायची. शांततेनं झोपमोड होणारी माणसं होतो आम्ही.

त्यामुळे आमच्याकडे बोलणं हे डोळ्यांनी ऐकायचं असायचं. आई मागच्या दारात उभी राहून एका तळव्यावर दुसरा तळवा थापायची, म्हणजे भाकरी झाली. हात मासोळीसारखा वळवळवला तर कालवण निवट्यांचं. बोटं खेकड्याच्या नांगीसारखी आकडी करून दाखवली तर चिंबोऱ्या, आणि मग आम्ही भावंडं पळत सुटायचो. "जेवायला ये" हे वाक्य मी लहानपणी कानांनी ऐकल्याचं मला आठवत नाही. शेडमधले कारागीर बहुतेक उत्तरेकडचे, त्यांच्या गावाकडच्या गोष्टी ते एकमेकांना लूमच्या पलीकडून नुसत्या ओठांनी सांगायचे आणि पलीकडचा हसायचा. सुगंधा या विद्येत सगळ्यांच्या पुढे. बाबा आणि दलाल शेडच्या पार दुसऱ्या टोकाला काय बोलतात ते ती ओट्यावर बसून वाचून दाखवायची, तेही बाबांच्या आवाजात. शुक्रवारी लूमला सुट्टी. त्या दिवशी घरात सगळे ओरडून बोलायचे, कारण हळू बोलायची सवयच नाही. निजामपुऱ्यातून मावशी आली की दारातूनच म्हणायची, "आज कोनाचा भांडन हाय गो?"

नेमबाजी आमच्या घरात शिरली ती कॉलेजच्या एनसीसीतून. मी आधी, मग माझ्या मागे दोन वर्षांनी सुगंधा. रायफल हातात धरायला मिळाली, आणि शिकवणाऱ्यांनी बाबांना सांगितलं की पोरांचा हात बरा आहे, ठाण्याच्या पलीकडे एका क्लबची रेंज आहे तिथे पाठवा. बाबांनी तेव्हा रस्त्याकडची थोडी जमीन गोदामवाल्याला दिली होती आणि नवी जीप घेतली होती. जीपला कुठेतरी जायचं होतंच. दर रविवारी ते आम्हाला घेऊन निघायचे. आई डब्यात तांदळाच्या भाकऱ्या आणि सुकटीची चटणी बांधून द्यायची. रेंजवरच्या बाकी मुलांच्या डब्यात सॅंडविच. सुकटीचा वास सुटला की मी डबा घेऊन झाडामागे जायचो. सुगंधा मधोमध बसून खायची आणि वर विचारायची, "कुणाला पाहिजे?" पुढे पुढे तर दळवी सरच तिच्या डब्याची वाट बघायचे.

दळवी सर फौजेतून निवृत्त झालेले, सावंतवाडीकडचे. बुटके, बोलायला तिखट. सुरुवातीला त्यांनी आम्हाला एअर पिस्तुलावर घेतलं. नवीन पोरं शेजारी मोठं पिस्तूल उडलं की डोळे मिटतात, खांदा आखडतात. आम्ही दोघं मख्ख. सरांनी मागे उभं राहून मुद्दाम टाळी वाजवली, पत्रा आपटला. काही नाही. "कुठची रे तुम्ही?" त्यांनी विचारलं. भिवंडीची, घरात लूम आहेत, म्हटल्यावर ते हसले, पण मग सुगंधाची हनुवटी धरून त्यांनी तिचा चेहरा वळवला आणि तिच्या कानाशी घड्याळ धरलं. नंतर माझ्या. "आवाजाला भीत नाही हे चांगलं," ते म्हणाले, "पण कान तुमचे आत्ताच अर्धे झिजलेत. रेंजवर हेडफोन काढलेला दिसला तर घरी पाठवीन." ते कानावर लावायचे जाड कप, त्यांना आम्ही हेडफोन म्हणायचो. सुगंधाला ते आवडायचे. ती म्हणायची, ते घातले की शुक्रवार असल्यासारखं वाटतं.

आता खरं सांगायचं तर खरं. ती माझ्यापेक्षा चांगली होती. थोडीफार नव्हे, खूप. मी हात उचलायचो, श्वास धरायचो, विचार करायचो, आणि विचार करता करता नेम हलायचा. ती हात उचलायची आणि छर्रा मधोमध जायचा, जसं आई न बघता भाकरी तव्यावर टाकायची. माझं कार्ड बघून ती म्हणायची, "दादा, तुझी एक गोळी बहुतेक अकलोलीच्या गरम कुंडात आंघोळीला गेली." सगळे हसायचे. मीही हसायचो. घरी येताना बाबा आरशातून बघत म्हणायचे, "पोरगी नाव काढल आपला," आणि मी खिडकीबाहेर बघायचो. मोठा भाऊ होतो, आणि आमच्याकडे मोठ्या भावाचं असं काही ठरलेलं असतं. धाकटी त्याच्या पुढे जाऊ शकते हे कुणी मला सांगितलं नव्हतं. मला राग यायचा, आणि राग यावा असं तिनं काही केलेलं नव्हतं, म्हणून तो आत आत मुरायचा.

बाबांना शस्त्राचा परवाना मिळाला त्या थंडीत. जमिनीचे व्यवहार सुरू झाले होते, भीतीही होती आणि हौसही होती, किती कुठलं ते त्यांनाच ठाऊक. पण त्यांच्या मनात एक चांगली गोष्टही होती. ते म्हणाले, हत्यार घ्यायचंच आहे तर असं घेऊ की पोरांना त्याच्यावर रेंजवर सराव करता येईल. एकच घेऊ, पण ते सरांना विचारून. "मास्तर बोलल तो आपला," हा बाबांचा कायदा होता. शाळेचा मास्तर असो, लूमचा फिटर असो, ज्याला त्यातलं कळतं त्याच्या पुढे ते कधी गेले नाहीत. त्या रविवारी सुगंधाची परीक्षा होती, म्हणून आम्ही दोघंच गेलो. रेंजच्या फाटकाशी बाबांना जमिनीचा एक दलाल भेटला. ते तिथेच चहाच्या टपरीवर बसले आणि मला म्हणाले, "तू जाऊन इचार. मना नंतर सांग."

सर त्यांची ट्रंक भरत होते. महिनाअखेरीला नोकरी सोडून ते कायमचे गावी चालले होते. मी विचारलं, "सर, बावीस घ्यायचं की बत्तीस?" त्यांनी एक क्षणही घेतला नाही. "बावीस. जुनं मिळेल, लांब नळीचं, बाहेरच्या देशाचं. हातात लाकडी मूठ झिजलेली असेल तरी चालेल. ज्याच्यावर रोज सराव करता येतो ते चांगलं हत्यार. बावीसचा झटका नाही, गोळी स्वस्त, आवाज लहान." मग ट्रंकेवर बसून ते म्हणाले, "हे बघ रमेश, बत्तीसची जी मॅच असते ती पुरुषांची. मुलींना त्यात जागाच नाही. मुलींची मॅच बावीसची. तुझी बहीण जाईल वरपर्यंत, मी लिहून देतो. तुलापण बावीसवर शिकता येईल, पण बत्तीस घेतलंस तर तिचा दरवाजाच बंद. आणि तुमच्या कानांना तो आवाज नको. तुम्ही लूमची पोरं, तुम्हाला कळायचं पण नाही काय गेलं ते." मी "हो सर" म्हटलं आणि पाया पडलो. त्यांनी सुगंधासाठी स्वतःचे हेडफोन दिले, जुने, हिरव्या रंगाचे.

फाटकापर्यंतचा रस्ता फार लांब नव्हता. मी तो चालत असताना काही ठरवलं असं मला सांगता येणार नाही. कुणी विचारलं तर सांगीन की नाही ठरवलं. बाबांनी टपरीवरून हाक मारली, "काय बोल्ले सर?" आणि मी म्हणालो, "बत्तीस." शब्द तोंडातून पडला तेव्हा मला स्वतःलाच तो दुसऱ्या कुणी उच्चारल्यासारखा वाटला. बाबांचा चेहरा खुलला, कारण त्यांनाही मनातून तेच हवं होतं. परत सुधारायला जीपमध्ये पूर्ण रस्ता होता. ठाण्याचा पूल होता, कशेळीची खाडी होती, माणकोलीचा नाका होता. मी सुधारलं नाही.

मुंबईतल्या दुकानात दुकानदाराने दोन्ही वस्तू मखमलीवर मांडल्या. जुनं बावीसचं पिस्तूल खरोखर होतं तिथे, सरांनी वर्णन केलं होतं तसंच, झिजलेल्या मुठीचं. बाबांनी ते चिमटीत उचललं. "यो काय? पिचकारी?" मग त्यांनी नवं बत्तीसचं रिव्हॉल्व्हर तळव्यात तोललं. "ह्याला वजन हाय. हलदीला कमरंला लावला तं पावन्यांना कलल तरी." दुकानदार म्हणाला, "शेठ, बच्चे लोग को टारगेट के लिए चाहिए तो बाईस अच्छा है." बाबांनी माझ्याकडे पाहिलं. ही दुसरी संधी. मी म्हणालो, "सर बोललेत बत्तीस." दुकानदाराने खांदे उडवले आणि पिस्तूल परत पेटीत गेलं. त्या पेटीचं झाकण लागल्याचा बारीक 'टक' मला आजही ऐकू येतो. माझे कान बरे आहेत.

सुगंधाला काहीतरी सांगणं भाग होतं. ती रिव्हॉल्व्हरकडे बघून म्हणाली, "पण दादा, मुलींना तर बावीस लागतं ना? क्लबमधल्या पोरी बोलत होत्या." मी म्हणालो, "सर म्हणाले, आधी मोठ्यावर हात बसवा. मोठं जमलं की बावीस लोण्यासारखं जाईल. पुढच्या वर्षी बावीस घेऊ." तिनं मान डोलावली. सरांनी सांगितलं म्हणजे संपलं. तोवर सर गावी पोचले होते. दोन खोट्या गोष्टी झाल्या होत्या, आणि दोन्हींच्या खाली सही सरांची होती.

रेंजवर जाणं मग कमी झालं. नवे शिकवणारे आले नव्हते, बाबांना जमिनीच्या कामांतून रविवार मोकळा मिळेना. आमच्या दोन शेडपैकी मागच्या शेडमधले लूम तेव्हा जुने झाले म्हणून भंगारात गेले होते. रिकामी शेड, विटांच्या भिंती, वर पत्रा. बाबाच म्हणाले, "हितंच करा की. पुढचे लूम चालू हायती, आजूबाजूचे चालू हायती. कोनाला आयकू जानार हाय?" हे परवान्यात बसत नव्हतं, हे आम्हाला तिघांनाही माहीत होतं. पण भिवंडीशिवाय दुसऱ्या कुठल्या गावात कुणाला हे सुचलं असतं? भर दुपारी, वस्तीच्या मधोमध, माणूस गोळ्या झाडतो आणि शेजारच्या शेडमधला कारागीर मान वर करत नाही. आम्ही वाळूच्या गोणी रचल्या, सुताचे कोन ज्या खोक्यांतून येतात त्यांचे पुठ्ठे कापून त्यावर चुन्याने गोल काढले. बाबा दारात खुर्ची टाकून बसायचे, पेपर वाचत. शुक्रवार सोडून.

पहिल्या दिवशी सुगंधा हिरवे हेडफोन घेऊन आली. एकच जोडी होती ती. माझे स्वतःचे नव्हते, क्लबचे तिथेच राहिले होते. ती कानांना लावणार तेवढ्यात मी हसलो. तिच्याच सुरात, अकलोलीच्या आंघोळीच्या सुरात म्हणालो, "लूमची पोरं ना आपण? रेंजवर सरांची शिस्त म्हणून लावायचं. इथे कुणाला दाखवायचंय?" बाबाही दारातून हसले. "आमी जलम काढला लूममदी, कोनी कानाला फडका न्हाय बांदला." सुगंधानं हेडफोन खिळ्याला अडकवले. तिला वाटलं, आता नाजूकपणा केला तर दादा हसेल.

पहिली गोळी मी झाडली. पत्र्याखाली तो आवाज काय होता ते सांगता येत नाही. लूमचा आवाज माणसाला चारी बाजूंनी वेढतो, हा आवाज सुईसारखा आत घुसला. माझे डोळे मिटले. कानात शिट्टी वाजायला लागली ती जेवणापर्यंत थांबली नाही. दुसऱ्या दिवशी मी शेडमधला कापूस पिळून कानांत घातला आणि वरून मफलर गुंडाळला. "सर्दी झाली," म्हणालो. थंडीचे दिवस होते, कुणाला वावगं वाटलं नाही. मग रोजच सर्दी. "तूपण घाल" एवढं म्हणायला काय जात होतं? पण तसं म्हटलं असतं तर पहिल्या दिवशीचं हसणं परत घ्यावं लागलं असतं, आणि ते परत घेतलं असतं तर त्याच्या मागचं सगळंच घरंगळत आलं असतं. मी मफलर आवळला.

परवान्यावर गोळ्या मोजक्या मिळायच्या, त्या आम्ही वाटून घ्यायचो. थोड्या दिवसांनी मी माझ्या वाटणीच्या तिला देऊ लागलो. "तू मार, तुझा हात चांगला बसतोय." तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. संध्याकाळी तिनं आईला सांगितलं की दादा स्वतःच्या गोळ्या मला देतो. आईनं माझ्या ताटात तळलेल्या बोंबलाचा मोठा तुकडा सरकवला. तो मी खाल्ला. चव आठवते. खरी गोष्ट एवढीच होती की मला तो आवाज सहन होत नव्हता.

आणि ती शिकली. झटका देणारं, तिच्या हाताला जड असलेलं ते रिव्हॉल्व्हर तिनं वाकवून घेतलं. पुठ्ठ्यावरच्या गोलात भोकं जवळ जवळ येत गेली. ज्या मॅचमध्ये तिला कुणी उभंही करणार नव्हतं त्या मॅचसाठी ती तयार होत होती, आणि मी मफलर गुंडाळून मागे उभा राहून "वा, सुगंधा" म्हणत होतो.

काकांच्या मुलाची हळद जवळ आली होती. घरात मांडवाची धावपळ, मावशा आल्या होत्या, ओट्यावर लग्नातली गाणी, धवले, म्हणायचा सराव चालला होता. त्या दुपारी बाबा मांडववाल्याकडे गेले आणि आम्हाला म्हणाले, मी येईपर्यंत हात लावू नका. आम्ही लावला. सुगंधानं एक झाडली, दुसरी झाडली, तिसरीसाठी हात उचलला, आणि लाइट गेली. पुढच्या शेडमधले लूम अडखळत थांबले. शेजारचे थांबले, त्या पलीकडचे थांबले, नाक्यापर्यंतचे सगळे. अशी शांतता झाली की ओट्यावरचे धवले शेडमध्ये ऐकू आले. मी घाबरलो. आता गोळी सुटली तर सगळ्या गावाला कळेल. मी ओरडलो, "थांब, मारू नकोस!" ती पाठमोरी होती. तिनं चाप ओढला.

तो आवाज शेलारभर गेला. ओट्यावरचं गाणं तुटलं. कुठेतरी कुत्री भुंकायला लागली. मी धावत जाऊन तिचा हात खाली केला. "थांब म्हटलं ना! कळत नाही?" ती माझ्या ओठांकडे बघत होती. कानांकडे नव्हे, डोळ्यांकडे नव्हे, ओठांकडे. म्हणाली, "ओरडतोस कशाला? लूम चालू आहेत की. कोण ऐकतंय?"

मी म्हणालो, "लाइट गेलीय, सुगंधा."

तिनं वर बघितलं. दिवा विझलेला होता. मग ती शेडच्या दाराशी गेली आणि पुढच्या शेडमधला कारागीर, रफीकचाचा, लूमला टेकून घाम पुसत विडी पेटवताना तिला दिसला. ती बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिली. वळली आणि अगदी हळू, आमच्या घरात कुणी बोलत नाही इतकं हळू म्हणाली, "मग हा कसला आवाज येतोय रे दादा?"

आई धावत आली, तिला वाटलं फटाका फुटून कुणाला लागलं. "कवाची हाक मारतंय, कान फुटलं काय गो?" आईचं ते नेहमीचं वाक्य होतं. त्या दिवसानंतर तिनं ते पुन्हा कधी उच्चारलं नाही.

हळद झाली. बाबांनी कमरेला रिव्हॉल्व्हर लावलं, पाहुण्यांनी बघितलं. दुसऱ्या आठवड्यात ते सुगंधाला ठाण्याला कानाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. मी बरोबर होतो. डॉक्टरांनी तपासलं, घर कुठलं विचारलं, आणि भिवंडी म्हटल्यावर पेन खाली ठेवलं. "लूम ना? तिकडचे बरेच पेशंट येतात. आवाजाने आतली नस जाते, ती परत येत नाही. दुसरा काही मोठा आवाज झाला होता का?" बाबांनी माझ्याकडे पाहिलं नाही. त्यांना विचारही आला नसावा. त्यांनी आख्खं आयुष्य लूममध्ये काढलं होतं आणि त्यांचे स्वतःचे कानही अर्धेच होते. ते म्हणाले, "न्हाय सायेब. लूमच." खोली छोटी होती, माझी खुर्ची टेबलापासून हाताच्या अंतरावर होती. मी माझे बूट बघत बसलो.

घरी येताना बाबा जीप चालवता चालवता एकदम बोलले, स्वतःशीच. "माझ्या लूमनी पोरीचं कान खाल्लं." आणि पुढच्या पावसाळ्याच्या आत त्यांनी चालू शेडचे लूमही विकून टाकले. लोक म्हणाले, शहाणा माणूस, गोदामाचे दिवस येणार ते याला आधीच कळलं. आज तिथे मोठं गोदाम आहे, भाडं येतं, आमचं घर त्यावर चालतं. पण बाबांनी ते शहाणपणानं केलं नव्हतं. त्यांनी ते पश्चात्तापानं केलं होतं, आणि तो पश्चात्ताप माझा होता. त्यानंतर ते सुगंधाशी बोलताना नेहमी तिच्या समोर जाऊन बसायचे, मिशा छाटून, ओठ नीट दिसावेत म्हणून. वारले तोवर.

मी बत्तीसची एक स्पर्धा खेळलो. त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही. मग नोकरी, मग गोदामाचं काम. रिव्हॉल्व्हर प्रत्येक निवडणुकीला पोलीस ठाण्यात जमा व्हायचं आणि परत यायचं. बाबा गेल्यावर ते जमा केलं आणि परत मागितलं नाही. हिरवे हेडफोन कुठे गेले कळलं नाही. तो खिळा मात्र भिंत पाडेपर्यंत तिथे होता.

सुगंधाचं लग्न वज्रेश्वरीच्या बाजूला झालं. मशीन लावते कानाला, पण लग्नाकार्यात काढून ठेवते, म्हणते डीजेपेक्षा माझं बरं. दिवाळीला येते तेव्हा तांदळाचं पीठ आणि वाल घेऊन येते. नवीन कुणी विचारलं तर हसून सांगते, "भिवंडीतले सगळे कारखाने बंद पडले, माझा एक चालू आहे. कानातला. शुक्रवारची सुट्टीपण देत नाही मेला." सगळे हसतात. मी उठून पाणी आणायला जातो.

गेल्या महिन्यात ती आली होती, मुलीला घेऊन. भाची कॉलेजात आहे आणि नेमबाजी करते, आईनं तिला कधी काही सांगितलं नव्हतं तरी. जेवणं झाल्यावर भाची म्हणाली, "मामा, एअर पिस्तूल झालं, आता पुढचं घ्यायचंय. तुम्ही खेळला होतात ना? काय घेऊ, बावीस की बत्तीस?" मी म्हणालो, "बावीस. आणि कानाला दोन दोन लाव. आतून बोळे आणि वरून हेडफोन." जरा जास्तच पटकन म्हणालो. सुगंधा पलीकडे सुपारी कातरत होती. तेवढ्या अंतरावरून मशीन लावूनही तिला ऐकू येत नव्हतं, पण माझं तोंड तिच्या बाजूला होतं. तिनं अडकित्ता थांबवला. "पण आपले सर तर आधी मोठं म्हणाले होते ना?"

तिच्या आवाजात संशय नव्हता. इतक्या वर्षांनीही नव्हता. सरांचा शब्द तिनं जसाच्या तसा जपून ठेवला होता, आणि आता तो मुलीला द्यावा की नाही एवढंच तिला विचारायचं होतं.

मी मिशीवर हात ठेवला. गेली कित्येक वर्षं तिच्याशी बोलताना मी तोंडावर हात नेतो, हे मला त्या क्षणी कळलं. "आता पद्धत बदलली," मी हाताआडून म्हणालो. ती "काय?" म्हणाली. भाचीनं तिला ओठांनी सांगितलं, "पद्धत बदलली म्हणतायत मामा." सुगंधानं मान डोलावली आणि सुपारी कातरायला लागली.

दळवी सर आता नाहीत. बाबा नाहीत, त्यांचं मला कधीच फेडता येणार नाही. आईला सांगून तिच्या म्हातारपणात काय भर घालू? पण सुगंधा आहे, बसनं तासाभराच्या अंतरावर आहे, आणि हे फोनवर होण्यासारखं काम नाही. तिच्या समोर बसायचं, उजेड माझ्या चेहऱ्यावर पडेल असं बसायचं, हात मांडीवर ठेवायचे, आणि सावकाश म्हणायचं की सरांनी बावीस सांगितलं होतं, तुझ्यासाठी सांगितलं होतं, आणि तुझे कान लूमनं नाही नेले. एवढं मी तिचं देणं लागतो. अजून दिलेलं नाही.